उंबऱ्यावरच्याचं वय

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती ताई, चित्र आणि छपाई विभागातले माझे सहकारी, आणि खुर्च्या न मिळाल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले खेळाडू मित्रहो,

चित्रकाराला भाषण करायला लावणं ही त्यालाही आणि ऐकणाऱ्यांनाही शिक्षाच, तेव्हा थोडक्यात सांगतो.

आपल्या खेळाच्या कार्डांवर राक्षस शेकड्यांनी आहेत. पण ताईंनी काढलेल्या 'उंबऱ्यावरचा' या कार्डाची गोष्टच निराळी. हल्ल्याची ताकद शून्य. नुसता दारात उभा राहतो. तरीही समोर आला की हातपाय गार पडतात, असं हे मागे उभे असलेलेच सांगतील.

एक गंमत खेळाडूंनीच हेरली. दर नव्या छपाईत तो थोडा मोठा होतो. पहिल्या कार्डात चिखलाने माखलेला कोवळा पोरगा. पुढे मिशी फुटली, कपाळावरचे केस मागे सरले, आता कानामागे पांढरं दिसतंय. राक्षस कधी म्हातारे होतात का हो? आमच्या विक्री विभागाच्या साहेबांना, ते पहिल्याच रांगेत आहेत, राग नसावा, हे पसंत नव्हतं. "त्याला परत तरुण करा," असा निरोप आला आणि तो ताईंना सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

ताई ब्रश धूत होत्या. म्हणाल्या, "तरुण केलास तर तो मेला रे."

मग त्यांनी सांगितलं. धाकटा भाऊ. घरात भांडून बाहेर पडला, तो परत आलाच नाही. आई असेपर्यंत तिने दाराला कडी लावू दिली नाही. "जिवंत माणसाचंच वय वाढतं," ताई म्हणाल्या, "म्हणून मी वाढवते."

"पण मग राक्षस का केलात त्याला?"

"इतक्या वर्षांनी खरंच दारात उभा राहिला, तर मला भीतीच वाटेल ना?"

साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी विषय सोडून दिला, हा त्यांचा मोठेपणा सांगायलाच हवा.

ताई आज निवृत्त होतायत, उद्यापासून ते कार्ड माझ्याकडे. मी म्हटलं, "ताई, साठीतला तो कसा दिसेल? मी तर त्याला कधी पाहिलंच नाही."

"साठीतला मी तरी कुठे पाहिलाय? आरशात बघून काढते. आमचे नाकडोळे सारखेच."

म्हणून ताई, सगळ्यांदेखत एक मागणं. निवृत्तीत हवं तेवढं झोपा, फिरा, पण प्रत्येक छपाईच्या आधी एक दुपार माझ्यासमोर येऊन बसा. त्याच्या पुढच्या सुरकुत्या मला तुमच्याच चेहऱ्यावरून उतरवायच्या आहेत. तुमच्यानंतर काय, हे विचारायची माझी छाती नाही.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. हे ताईंच्या परवानगीनेच बोललो, तरी आनंदाच्या कार्यक्रमात जीभ कुठे घसरली असेल तर पदरात घ्या.

आणि ताई, खूप खूप म्हाताऱ्या व्हा.