एका ओळीचं खोटं

रामकृष्णहरी मंडळी! पुढे सरका, मायबहिणींना सावलीत जागा द्या. आज मांडव भरलाय! गेल्या साली याच सप्ताहात मृदंगमणी, विणेकरी, मी आणि समईखाली झोपलेलं मांजर — एवढेच श्रोते होतो. आणि आज ही गर्दी! देव पावला म्हणावं, तर तसं नाही. शुक्रवारी टीव्हीवरची ती मालिका संपली!

हसू नका. मीही बघितली. कीर्तनकाराला काय डोळे नसतात?

शनिवारी पारावर ऐकलं — "दहिवलकर बिचारा! लेकीसाठी केलं हो सगळं. परिस्थितीनं बिघडवला." मी तिथून निघालो, पण तो शब्द काही मागं राहिना. म्हणून आजचा प्रश्न हाच. चांगला माणूस बिघडतो तो नेमका कोणत्या घटकेला? वाईट काम करताना? — का त्याच्या आधी कधीतरी, चांगलं काम करताना?

ऐका तर. ज्यांनी पाहिलं त्यांनीही ऐका. पाहिलंय सगळ्यांनी, पण मधे जाहिराती फार होत्या!

प्रभाकर दहिवलकर. सरकारी हस्ताक्षरतज्ज्ञ. म्हणजे काय? सही खरी का खोटी, चिठ्ठी कुणी लिहिली, हे भिंगातून पाहून कोर्टाला सांगायचं. एकवीस वर्षं नोकरी. कुणाचा चहा प्यायला नाही! लहानग्या वैजूला, लेकीला, मांडीवर घेऊन शिकवायचा — "बाळ, अक्षर म्हणजे माणसाची चाल. माणूस कपडे बदलील, चाल नाही बदलत." असा माणूस! म्हणाल, याच्यात पाप शिरणार कुठून?

पाप दारातून आलं नाही, मंडळी. रडत आलं.

तानूबाई नावाची एक आई. तिची लेक सुगंधा सासरच्या विहिरीत सापडली. काठावर दगडाखाली चिठ्ठी — 'मी माझ्या मर्जीनं जाते, कुणाला दोष नाही.' सारं गाव म्हणे, सासऱ्यानं ढकलली, चिठ्ठीही त्यानंच लिहिली. पण पुरावा? ती चिठ्ठी!

दहिवलकरानं तीन दिवस भिंग लावलं. चार शब्द सुगंधाच्या वळणाचे वाटत, तीन वाटत नसत. आणि तिच्या अक्षराचा नमुना केवढा? एक वाणसामानाची यादी! खरं उत्तर एकच होतं — 'निश्चित मत देता येत नाही.'

तपास करणारा इन्स्पेक्टर काळोखे समोर बसला. "साहेब, असं लिहिलंत की म्हातारा सुटला. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, देवाला माहीत आहे. फक्त कागदाला माहीत नाही. एक ओळ लिहा!"

आणि दाराशी तानूबाई. पदर तोंडात कोंबून उभी.

सांगा मंडळी, तुम्ही काय केलं असतं?

बघा! दहिवलकरानं लिहिलं — 'हे हस्ताक्षर मयत महिलेचे नाही.' एकच ओळ! सासऱ्याला जन्मठेप. कोर्टाच्या पायऱ्यांवर तानूबाईनं दहिवलकराच्या पायांवर डोकं ठेवलं. गावानं शाल दिली, नारळ दिला, वर्तमानपत्रात फोटो. घरी आला तो पाणीसुद्धा न पिता आरशासमोर उभा राहिला. एकवीस वर्षं खरं लिहिलं, तेव्हा कुणी पाया पडलं होतं? नव्हतं! आणि एक ओळ खोटी लिहिली, तर देव झाला.

इथं थांबा. मृदंगबुवा, हात जरा खाली. वाईटासाठी खोटं बोलणारा रात्रीचा दचकून उठतो हो — त्याला कधीतरी सोडवता येईल. पण भल्यासाठी खोटं बोलला, त्याला गाढ झोप लागते. त्याला उठवायचा कुणी? आमचं एक जोडलेलं पद आहे —

खोट्याला ना शिंग, ना शेपूट, ना ओठ;
येतं ते घालून खऱ्याचाच कोट!

पुढं काय झालं? काळोखेच्या फायली येत गेल्या. आधी दहिवलकर भिंगातून बघे, मग काळोखेला विचारी. नंतर आधी काळोखेला विचारू लागला, मग भिंगातून बघू लागला. आणि पुढंपुढं भिंग खणातच राहिलं! "आरोपी हाच ना नक्की?" — "हाच, साहेब." — "मग झालं तर." सुगंधाचा धरून चार वर्षांत अकरा खटले. सगळीकडे नाव. 'दहिवलकरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!'

मग आले भोईटे मास्तर.

एका पुढाऱ्याच्या गोदामाला आग लागली. आत राखणदार झोपलेला — तो गेला. आगीच्या आधी धमकीचं पत्र आलं होतं. पुढाऱ्यानं बोट दाखवलं ते भोईटे मास्तरांकडं, कारण शाळेच्या मैदानावरून मास्तरांनी त्याच्याविरुद्ध अर्ज केलेले. काळोखेनं पत्र आणलं, मास्तरांच्या वह्या आणल्या.

त्या दिवशी कोण जाणे का, दहिवलकरानं भिंग बाहेर काढलं. बघितलं. पुन्हा बघितलं. हे अक्षर मास्तरांचं नव्हतं! शंकाच नाही. मास्तरांचा 'ळ' दोन पोटांचा, गोल, मुलांना गिरवायला द्यावा असा. पत्रातला 'ळ' म्हणजे नुसता आकडा.

"काळोखे, हा माणूस नाही रे."

काळोखे हसला. आवाजसुद्धा चढवला नाही. "नसेल साहेब. मग असं करू — आधीच्या अकराही फायली पुन्हा तपासायला पाठवू. सुगंधाच्या चिठ्ठीपासून सुरुवात करू. चालेल?"

पुढल्या वर्षी वैजूचं लग्न ठरलेलं. दहिवलकर मनाशी म्हणाला — माझ्यासाठी नाही, पोरीसाठी. बापाची अब्रू गेली तर पोरीचं काय? आणि सही केली. मास्तरांना दहा वर्षं!

इथं तुम्ही म्हणालात, बिचारा. कबूल! मानेवर सुरी होती. पण पुढचं ऐका. मालिकेत हे तीन मिनिटांत संपलं. मला मात्र तीन दिवस जेवण गेलं नाही.

निकालानंतर आठव्या दिवशी, भर दुपारी, मास्तरांची बायको शेवंता दहिवलकराच्या अंगणात आली. शिव्या द्यायला? नाही! हातात वह्यांचं गाठोडं.

"साहेब, तुमच्यावर राग नाही माझा. माणूस आहे, नजरचूक होते. ही त्यांची सोळा वर्षांची पत्रं, ह्या वह्या. एकदा निवांत बघा. तुम्हाला अक्षर कळतं. तुम्ही बघाल तर तुम्हीच म्हणाल, चुकलं."

मंडळी, अंगणात काळोखे नव्हता. पुढारी नव्हता. सुरी नव्हती. एक बाई होती, आणि तिचा त्याच्यावर विश्वास होता! नुसतं 'ठेवा, बघतो' म्हणाला असता, तरी परतीची वाट उघडी राहिली असती.

त्यानं वही उघडली. दोन पानं उलटली. म्हणाला, "अक्षर त्यांचंच आहे, बाई."

शेवंतानं उघडी वही मिटली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणता तर असेल. सोळा वर्षं नांदले... माणूसच ओळखला नाही म्हणायचा मी."

आणि गेली. गाठोडं तिथंच राहिलं.

तुरुंगात धाडला तो एक अन्याय. पण बायकोच्या मनातून नवरा काढून घेतला! त्याला कुठलं कलम लावाल?

गाठोडं उचललं वैजूनं. बापानंच शिकवलेली पोर! टेबलावर त्या धमकीच्या पत्राचा फोटो पडलेला. शेजारी वही ठेवली. भिंगसुद्धा लागलं नाही.

"बाबा, ही चाल एका माणसाची नाही."

"वैजू, तुझ्यासाठी केलं गं. काळोखेनं मला कोंडीत —"

"मला मधे घालू नका, बाबा. आज त्या बाई अंगणात होत्या, तेव्हा काळोखे कुठं होता?"

वैजूनं गाठोडं काखेत मारलं आणि मास्तरांच्या वकिलाचं घर गाठलं. लग्न? ते मोडणार, हे तिला उंबऱ्यातच ठाऊक होतं. मोडलंच.

अपिलात दहिवलकराला पिंजऱ्यात उभं केलं. समोर वैजू बसलेली. तिच्याकडं पाहून त्यानं सगळं सांगितलं. भोईटे मास्तर सुटले — सव्वादोन वर्षांनी, पांढरे होऊन. शेवंता न्यायला आली होती. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले, पण आधी बोलायचं कुणी, हे दोघांनाही सुचेना.

आणि अकराही फायली उघडल्या. दहिवलकराचा शब्दच खोटा, तर त्यावर उभा खटला कसा टिकणार? काही खरे गुन्हेगार सुटले. सुगंधाचा सासराही सुटला! दहिवलकराला बेड्या घालून नेत होते, तेव्हा तानूबाई आडवी आली.

"साहेब, आता तरी खरं सांगा. ती चिठ्ठी माझ्या लेकीनं लिहिली होती का?"

तो म्हणाला, "ठाऊक नाही, माय. तेव्हाही ठाऊक नव्हतं."

मालिका इथं संपली. तुम्ही टीव्ही बंद केला आणि जेवायला बसलात.

मी नाही बसलो. का ते सांगतो. आपल्या गावात, आषाढात, एक अर्ज फिरला. शाळेत खिचडी शिजवणारी अनसूयाबाई डाळ चोरते, तिला काढा. आठवतंय? साठ सह्या! मान खाली घालू नका. सरपंच, तुम्हीही नका घालू. साठातल्या किती जणांनी डाळ जाताना डोळ्यांनी पाहिली? एकानं! आणि बाकीच्यांनी? 'लेकरांच्या तोंडचा घास आहे' म्हणून सही केली. कारण केवढं चांगलं! अनसूयाबाई आज परगावी भांडी घासते. तिनं चोरली का नाही — मला ठाऊक नाही. सही करतानाही ठाऊक नव्हतं.

हो. सतरावी सही माझी आहे.

उद्या दहा वाजता मी शाळेत जाणार. हेडमास्तरांना लिहून देणार — मी पाहिलं नव्हतं, माझी सही खोडा, आणि त्या बाईची नीट चौकशी करा. मग परगावी तिच्या दारात जाणार. ती बोलेल ते ऐकून घेणार. तुम्ही या, असं मी म्हणत नाही. पण शाळेचा रस्ता देवळावरूनच जातो, आणि मी सावकाश चालतो.

उचला टाळ. विठ्ठल, विठ्ठल.