सव्वापट

बाबा : प्रोग्रॅम उघडत नाही असं कुठं म्हणालो मी? उघडतोय. पण पूर्वीसारखा नाही.

मुलगी : पूर्वीसारखा म्हणजे कसा? "कसंतरीच दिसतं" यावरून मी काय दुरुस्त करू?

बाबा : नक्षीतली घरं एकमेकांत मिसळतात. हे बघ, स्वेटरच्या बाहीवर निळ्याच्या शेजारी करडा भरलाय. कुठे एक संपतो नि दुसरा सुरू होतो, सांग बरं? एक घर म्हणजे एक टाका. विणायच्या यंत्राला काय, मी भरीन तसं विणणार. मागच्या खेपेचे स्वेटर उगाच परत नाही आले.

मुलगी : ते तर जुन्या कॉम्प्युटरवर केलेले.

बाबा : तो तेव्हा आचकेच देत होता.

मुलगी : हं. ऐका, तुमचा नक्षीचा प्रोग्रॅम विंडोजचा. माझ्या या लॅपटॉपवर लिनक्स. म्हणून मध्ये वाइन नावाचा दुभाष्या बसवलाय, तो याचं त्याला सांगतो.

बाबा : नाव तरी बरं शोधायचं! शुद्धीत असतो ना?

मुलगी : असतो. पण तुम्हाला सगळं मोठं दिसावं म्हणून मी स्क्रीन सव्वापट केलाय. एका ठिपक्याचे सव्वा ठिपके होत नाहीत, मग कडा पसरतात. तेवढंच असेल.

बाबा : बघ! आणि तुझी आई माझ्या डोळ्यांना नावं ठेवते.

मुलगी : काय म्हणते आई?

बाबा : काही नाही गं. तू ते सव्वापट काढ आधी. उद्या नक्षी पोचली नाही तर कारखान्यात दुसरा माणूस बघतील. टपूनच बसलेत.

मुलगी : थांबा जरा... हं. आता?

बाबा : वा! आता कसं! घर न् घर सुटं झालं. मानलं तुला, शास्त्रज्ञबाई.

मुलगी : बाहीवरचं निळं-करडं वेगळं दिसतं?

बाबा : लख्ख.

मुलगी : बाबा, मी अजून काहीच बदललेलं नाही.



बाबा : बापाची परीक्षा घेतेस?

मुलगी : मघाशी तुम्ही माउसचा बाण शोधत होतात. तो स्क्रीनच्या मधोमध होता.

बाबा : कडेला असला की सापडतो मला.

मुलगी : कधीपासून?

बाबा : जुना बंद पडायच्या आधीपासून. तो गेला ना, त्या दिवशी हायसं वाटलं मला. म्हटलं चला, दोष त्याचाच होता.

मुलगी : डॉक्टरांकडे जाऊ या.

बाबा : जाऊन आलो. डाव्याचं आता काही होणार नाही म्हणाले. उजव्यात इंजेक्शनं द्यायची. टिकला तर टिकला.

मुलगी : एकटेच गेलात?

बाबा : मग काय वरात काढायची? ... ते बदललंस का?

मुलगी : हो. आत्ता खरंच बदललं.

बाबा : कसं दिसतंय?

मुलगी : मला?

बाबा : तुलाच विचारतोय.

मुलगी : स्वच्छ. एकेक घर वेगळं.

बाबा : निळा आणि करडा?

मुलगी : तेही. ... बाहीवर तीन घरं चुकलीयत, बाबा.

बाबा : म्हणजे प्रोग्रॅम चालतोय. जा, आईला तेवढंच सांगून ये.