आठातले चार फोटो

हनुवटी जरा खाली — हां, आणि ओठ मिटा — बोलू नका म्हटलं ना, तोंड हललं की परत काढावा लागतो, आणि हा फ्लॅश आता म्हातारा झालाय, लागोपाठ दोनदा पेटत नाही. तर मी काय सांगत होतो — त्या वरच्या मजल्यावरच्या माणसाला एक दमडी देऊ नका. 'बिघडलेलं क्रेडिट सुधारून मिळेल' — पाटी केवढी लावलीय, बघितली ना? अहो, तो करतो काय? तुम्ही फुकट करू शकता तेच करतो. आपलं रेकॉर्ड मागवायचं, त्यात चुकीचं काय आहे ते बघायचं, बँकेला कळवायचं, उत्तर नाही आलं तर परत कळवायचं. झालं. यात कसली आलीय विद्या? त्याच्याकडे जाणारे सगळे फोटोसाठी आधी माझ्याकडे येतात आणि मी प्रत्येकाला हेच सांगतो, म्हणून तो माझ्यावर डूख धरून आहे. धरू दे. मी माझं स्वतः सुधारलं, एकट्याने, कुणालाही पैसे न चारता... झाला तुमचा. बसा तिथे स्टुलावर, छापायला वेळ लागतो.

माझं काय बिघडलं होतं? माझं काहीच नाही, तीच तर गंमत. बिघडवलं धाकट्याने. धाकटा म्हणजे पाव तासाने धाकटा, जुळे आम्ही — इतके सारखे की आई पाठमोरं बघून कधी हाक मारायची नाही, आधी पुढे येऊन तोंड बघायची, आणि तरी चुकायची. आणि घरचं दुकान फोटोचं. मग आपल्याच फोटोवर कागद कोण वाया घालवणार? कुठे फॉर्म भरायचा झाला की दोघांपैकी ज्याची दाढी केलेली असेल तो त्या खुर्चीत बसायचा, आठ कॉपी निघायच्या, चार त्याला, चार मला. लायसन्सला तेच, बँकेला तेच. खूप हसायचो आम्ही. कुणाच्या कागदावर कुणाचं तोंड आहे हे आमचं आम्हालाही सांगता आलं नसतं. पुढे धाकट्याने भाड्याने गाड्या द्यायचा धंदा काढला, कर्ज घेतलं, धंदा बुडाला, हप्ते थकले — आणि बँकेच्या कॉम्प्युटरला काय दिसलं? आडनाव तेच, जन्मतारीख तीच, पत्ता तोच, तोंडही तेच. त्याने दोन माणसांचा एक करून टाकला. धाकट्याने थकवलेलं सगळं माझ्या खात्यात.

मला पत्ताच नव्हता. मालकाने हा गाळा विकायला काढला — तुम्ही घ्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे — म्हणून गेलो कर्ज मागायला, तर खिडकीवरची बाई नुसती स्क्रीनकडे बघते, माझ्याकडे बघतच नाही. वडिलांच्या हातचं दुकान हो हे. गेलं असतं तर मी काय केलं असतं? मला दुसरं येतं काय? वरच्या माणसाने आकडा सांगितला, तो ऐकून जिन्यातूनच माघारी आलो. म्हटलं, चूक त्यांची, मी का पैसे मोजू? आणि लागलो मागे. उंबरे झिजवले नुसते. शेवटी एक साहेब भेटला, भला होता, म्हणाला, दोघं एकदम माझ्यासमोर येऊन उभे राहा, मी डोळ्यांनी बघतो आणि तुमचं रेकॉर्ड वेगळं करून देतो. एवढंच. धाकटा तयार होता, हो, म्हणाला उद्याच जाऊ. पण त्याच्या मागावर वसुलीवाले, बँकेच्या दारातच गाठला असता त्यांनी, म्हणून मी नको म्हटलं. त्याच्यासाठीच नको म्हटलं मी... म्हणजे, मलाही नव्हतं उभं राहायचं त्याच्या शेजारी. बँकेतल्या सगळ्यांनी बघितलं असतं, हा त्या बुडव्याचा भाऊ.

मग दुसरा रस्ता काय? पत्ता वेगळा दाखवायचा. त्याचा माझा काही संबंध नाही, तो कुठे असतो मला माहीत नाही, असं लिहून द्यायचं, आणि बँकेचा माणूस येऊन खात्री करून जाणार. धाकट्याला म्हटलं, थोडे दिवस जरा बाहेर काढ. वाद नाही घातला त्याने. दाढीचं सामान घेतलं, आईची शाल घेतली, दारात थांबून म्हणाला, "चल, आता तरी आपले वेगवेगळे फोटो निघतील." हसला पण. आधी कुणाच्या तरी गोदामात झोपायचा, मग तिथूनही हलला. कुठे ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माहीत झालं असतं, आणि माहीत नाही असं मी लिहून दिलं होतं.

घड्याळ बघू नका, होतायत. तर सुधारलं की नाही? सुधारलं! दर महिन्याला थोडं थोडं वर, हुरूप यायचा बघून. शेवटची तपासणी तेवढी राहिली होती. बँकेचा माणूस आला, तुम्ही बसलात त्याच स्टुलावर बसला, हातात पेन — आणि फोन वाजला. हॉस्पिटलातून. रस्त्यावर पडलेला एक माणूस आणलाय, शुद्ध येते जाते, बोलता येत नाही, खिशात एक फोटो सापडला, मागे तुमच्या दुकानाचा शिक्का आहे, तुमच्या ओळखीचं आहे का कुणी? पेनवाला माझ्याकडे बघतोय. मी म्हटलं, "रोज इतके लोक फोटो काढून जातात, मी कुणाकुणाला ओळखणार?" आणि ठेवला फोन. तो उठला की लगेच निघायचं, असं ठरवलं होतं मी, खरंच ठरवलं होतं. पण तो उठतोय कुठे? गाळ्याची मापं घेतली, पाणी मागितलं, मग सहज विचारल्यासारखं विचारलं, भाऊ कुठे असतो सध्या? मी म्हटलं, माहीत नाही. तो गेला आणि मी शटर अर्धंच ओढून पळत सुटलो.

आणि तिथे — इतके दिवस मी दारोदार पटवत फिरलो ना, की मी तो नाही? तिथल्या वॉर्डबॉयने माझं तोंड बघितलं आणि उठून उभाच राहिला. नाव नाही, नातं नाही, काही म्हणून विचारलं नाही हो त्याने. पुढे चालायला लागला, मी मागे. आत नेलं, तोंडावरची चादर बाजूला केली... दाढी वाढलेली होती त्याची. तेवढाच फरक.

भिंतीवरचा तो? हो, त्याचा. त्याच्या खिशातलाच मोठा करून लावलाय — त्याचा की माझा ते आता कोण सांगणार?

गाळा झाला माझ्या नावावर. घ्या, हे तुमचे. आठ आहेत. लागतील तेवढे द्या, उरलेले कुणाला वाटू नका. काय म्हणालात — बँकेला कळवायचा तो अर्ज कसा करायचा? नाही, ते राहू दे. वर जा तुम्ही, जिना बाहेरून आहे. काय मागेल ते देऊन टाका त्याला, तो नुसते पैसेच मागेल... नाही, मला नकोत, खिशात ठेवा. जा म्हटलं ना.