मुलतानचं वेढं

जोतीराम : ही घ्या वैनी, डबी. नव्या पेठेतनं करून आणलंय. आता तरी पोरीच्या हळदीला या.

सारजाबाई : ह्ये काय आणि?

जोतीराम : बोटातलं सोन्याचं वेढं. तुमच्या घरचं.

सारजाबाई : म्हंजी खाल्लं हुतं, कबूल करताय की!

जोतीराम : आमी कुटं खाल्लं? पाच पिढ्या न्हाय न्हाय म्हणून दमलो. तुमच्या थोरल्या घरची बाई वटी भरायला न्हाय म्हणून आमच्या पोरी रडत सासरला गेल्या. ही तरी हसत जाऊ दे.

सारजाबाई : आमच्या खापरपणज्यानं पलटणीतनं लिवलंय, वेढं धाकट्या भावापाशी धाडलं म्हणून. ह्ये पत्र वाच गं ऋतुजा. आमची सून मोडी शिकलीया, भावजी. शाळेत सायन्स शिकवती, खोटं वाचायची न्हाय.

ऋतुजा : वाचते, आई. 'वेढा आवळत आणला आहे.'

सारजाबाई : वेढा न्हाय, वेढं म्हण. लिवणारा चुकला. बोट सुजलं आसंल बिचाऱ्याचं.

ऋतुजा : 'उत्तरेकडून अजून ढिला आहे.'

जोतीराम : एकाच बाजूनं ढिलं? सोनारानं फशिवलं की.

ऋतुजा : 'वेढ्यात पाच पलटणी आहेत. तोफाही आल्या.'

जोतीराम : एवढ्याशा वेढ्यात?

ऋतुजा : काका, हे बोटातलं वेढं नाहीच. मुलतानच्या किल्ल्याला घातलेला वेढा आहे. 'धाकट्याला ताप आल्याने पुढे धाडला आहे. वेढ्याचे तो सांगेल.' एवढंच आहे इथं.

सारजाबाई : मग सांगायचं की त्यानं!

जोतीराम : आल्या आल्या तुमच्यांनी त्याचं नरडं धरलं, 'वेढ्याचं बोल' म्हणून. त्यो किल्ल्याचं बोलत बसला आसंल.

सारजाबाई : लई शहाणं हाय तुमचं घर.

जोतीराम : आणा ती डबी हिकडं.

सारजाबाई : का म्हणून? वेढं न्हवतंच, तरी द्यायला आला. आता खरंच हातात आलंय, तर नेता व्हय?

ऋतुजा : थांबा हो दोघंही. खाली अजून दोन ओळी आहेत. 'वेढा उठला की येतो. आईस सांगणे, वाट बघत उंबऱ्यात बसू नये.'

सारजाबाई : आला का मग?

ऋतुजा : यानंतर पत्र नाही.

जोतीराम : आला असता तर त्यालाच इचारलं असतं की, वैनी.

सारजाबाई : (पत्राची घडी घालत) हळद किती वाजता हाय, भावजी?