टॅनरी रोडची खडी

अरे अरे, दार उघडू नकोस! उघडलंस तर सगळा चिखल आत येईल, आणि बाहेर पाऊल टाकलंस तर तुझा बूट माझ्या रस्त्यात राहील—दरवर्षी कुणाचा तरी एक राहतोच इथे, मग जूनमध्ये सापडतो. काच खाली कर. अजून. हां, आता दिसलास. या मेंबरसाहेब! बस निवांत. साखळी आणलीय, ट्रॅक्टर आणलाय, तुझ्या नाकासमोर उभा आहे—काढते तुला, काढते, नाही कोण म्हणतंय? पण आधी ते इंजिन बंद कर. जितकी रेस देशील तितका खाली जाशील. चाकं बुडालीच आहेत, आता नंबरप्लेट तरी वर राहू दे, म्हणजे आत कोण गेलं ते मागून येणाऱ्याला कळेल. हसतोस काय? बरं, हस. तेवढं तरी कर.

मला एक सांग एमरी, तू याच रस्त्यावर वाढलास ना रे? ते वरचं पिवळं घर तुझंच ना? तुझी आई हेझल पायरीवर उभी राहून हात हलवायची आणि तू माझ्या स्कूलबसमध्ये डबा सांडत चढायचास—तो एमरी टटल तूच ना, की दुसरा कुणी? मग तुला हे मी सांगायचं? चिखलाच्या दिवसांत टॅनरी रोडवर यायचं तर कधी यायचं? पहाटे यायचं! रात्रभर गोठलेला असतो, दगडासारखा, खुशाल नाचत ये. एकदा ऊन लागलं की खीर. हे इथलं कुत्रंसुद्धा जाणतं. पण तू खाली डांबरी रस्त्यावर राहायला गेलास आणि सगळं विसरलास. नाही—थांब, विसरला नव्हतास. तू वेळेवर आला होतास! मी बघितलं ना. खिडकीत कॉफी घेऊन उभी होते, ऊन अजून मेपलच्या शेंड्यांवरच होतं, आणि तुझी गाडी पुलापाशी आली—आणि थांबली. म्हटलं फोन करत असेल. मग आठवलं, पुलापाशी रेंज कुठाय? टॉवर यायचाय ना अजून! तुझाच टॉवर. माझी कॉफी संपली, दुसरी ओतली, कोंबड्यांना दाणे घालून आले, तरी तू तिथेच. ऊन शेंड्यांवरून फांद्यांवर आलं, फांद्यांवरून रस्त्यावर आलं, आणि तेव्हा कुठे साहेब निघाले. काय करत होतास रे इतका वेळ? पाण्यात मासे बघत होतास? थांब, सांगू नकोस. आपण येऊ तिथे. गावाची वर्षाची सभा अकराला आहे, आणि माझ्या साखळीशिवाय तू काही तिथे पोचत नाहीस, तेव्हा घाई नको.

तर आज सभेत पुन्हा तुझी निवडणूक. तीन वर्षं झाली, कळलंसुद्धा नाही! मला तेव्हाचा तो शनिवार कालच्यासारखा आठवतो. सगळा गाव आपापला कचरा घेऊन कचरा डेपोवर, आणि तू फाटकापाशी, रिकाम्या बाटल्यांच्या डब्याशेजारी, इस्त्रीचा शर्ट घालून—इस्त्रीचा शर्ट, कचरा डेपोवर!—हातात डोनटचा डबा. मत मागणारे सगळे तिथेच उभे राहतात म्हणा, कचरा कुणाला चुकलाय? पण तू माझ्या गाडीतल्या पिशव्या उतरवल्यास, काचेच्या बाटल्या वेगळ्या केल्यास, मला एक डोनट दिलास आणि म्हणालास, "मिसेस कोल्बी, पुलापासून तुमच्या फाटकापर्यंत खडी पडलीच म्हणून समजा." बरं, मी समजले. समजायला माझं काय जातंय? मग म्हणालास ओढ्यावरची मोरी मोठी करू, टॉवर आणू, मैदानातल्या बँडच्या मांडवाला छप्पर घालू, डेपो बुधवारीही उघडा ठेवू. तोंडात डोनट होता म्हणून मी नुसती मान हलवली, आणि तू पुढच्या गाडीकडे गेलास. त्या बाईला काय काय कबूल केलंस देव जाणे, ती तर हसत हसत तिचा कचरा परत घेऊन गेली.

आणि नाही कसं, कामं केलीस की! डेपो बुधवारी उघडतो. मी जाते, मुद्दाम बुधवारीच जाते, तुझा मान म्हणून. मांडवाला छप्पर झालं, अर्धं का होईना—वाजवणारे कोरडे आणि ऐकणारे ओले, पण झालं. मोरीचं काय? मोरीचा पाइप आला. दोन वर्षं ओढ्याकाठी पडलाय, त्यात कोल्हीण व्याली गेल्या वर्षी, चार पिल्लं, इतकी गोड! म्हणजे कुणाची तरी सोय झालीच. आणि रस्ता—रस्त्याला तू पाटी लावलीस. "रस्ता खराब आहे, जपून जा." मी म्हटलं, वा! इतकी वर्षं आम्ही उगीच स्वतःच्या अंदाजाने जपत होतो. छान पाटी आहे, पिवळी. तुझ्याच गाडीच्या मागे आहे बघ, आरशात दिसेल. वाचलीस का येताना?

कान लाल झाले बघ. तुझं हे पहिल्यापासूनचं. मागच्या सीटला च्युइंगम कुणी चिकटवलं म्हणून मी विचारलं की सगळी पोरं निष्पाप चेहरे करायची. मी चेहरे बघायचेच नाही, आरशातून कान बघायचे—ज्याचे लाल, तो खोटा. आणि तू तर अजून तोंड उघडलं नव्हतंस, तरी कान तयार!

असो. मी तुझ्यावर रागावलेय असं नाही हं. उलट मार्लीनला विचार. माझी मुलगी रे, ओहायोतली—तिच्या मते तुझ्यासारखा मेंबर साऱ्या व्हर्माँटमध्ये नाही. "आई, तो एमरी म्हणजे देवमाणूसच दिसतो," असं म्हणते ती. का म्हणते? आता का म्हणते म्हणजे—मी सांगते म्हणून म्हणते. दर रविवारी फोन येतो तिचा. पहिल्या वसंतात विचारलं, "आई, रस्त्याचं काय झालं?" मी म्हटलं, खडी टाकणार आहे एमरी. दुसऱ्या वसंतात विचारलं, मी म्हटलं, टाकतोय. आणि यंदा विचारलं तेव्हा—तेव्हा मी म्हटलं, टाकली! पुलापासून फाटकापर्यंत, पांढरीशुभ्र, चांदण्यात अशी चमकते म्हणून सांगू! एकदा खडी टाकली म्हटल्यावर मोरी कशी मागे ठेवणार? मोरीही बसवली. मग टॉवरही उभा केला, पण तो जरा डोंगराआड, म्हणजे दिसला नाही तर शंका नको. अरे, तू तीन वर्षांत केलं नाहीस ते मी एका फोनवर केलं! तुला हातसुद्धा लावायला लागला नाही. आभार मान.

असा बघू नकोस. खोटं बोलले, बोलले. मला काय हौस आहे? तुला ते—नाही, तुला ठाऊक असेलच, या गावात काय लपतं. गेल्या एप्रिलमध्ये माझ्या छातीत दुखायला लागलं, अँब्युलन्स बोलावली, ती पोरं बिचारी आली, आणि कुठे रुतली? तू आत्ता आहेस तिथेच. याच खड्ड्यात. तू काही पहिला मानकरी नाहीस. मग शेजारचा ड्वाइट आला, त्याने मला ब्लँकेटात गुंडाळलं आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या बकेटीत बसवून खाली नेलं, त्या शेतातून. अशी मिरवत गेले म्हणून सांगू, राणीसारखी! ड्वाइटच्या गाई कुंपणापाशी रांग लावून बघत होत्या. तेव्हा काही निघालं नाही, डॉक्टर म्हणाला पित्त असेल. पण मार्लीनला कुणी तरी सांगितलं. रडली रे ती फोनवर. आणि मग रडं थांबवून म्हणाली—हॉलिसची मुलगी आहे, बापासारखी एकदा म्हणाली की म्हणाली—म्हणाली, "आई, अँब्युलन्स तुझ्या दारापर्यंत येत नसेल तर तू त्या घरात राहायचं नाहीस. माझ्याकडे यायचं." तिच्याकडे माझ्यासाठी खोली आहे. रंग दिलाय तिला, फिका हिरवा, मला विचारून. खिडकीतून शेजाऱ्याचं गॅरेज दिसतं. चांगली आहे खोली. मी काही वाईट म्हणत नाही.

शुक्रवारी येतेय ती. बघायला. खडी बघायला, मोरी बघायला, तुला भेटायला. तुझ्यासाठी काही तरी विणलंयसुद्धा तिने, टोपी असेल.

बरं, माझं राहू दे. हे इतकं सांगायचंच नव्हतं मला, चिखलात उभं राहिलं की माणूस बडबडतं. तू कशाला आलास ते सांग आता. नाही, थांब! मी ओळखते. मत मागायला आला नाहीस. मत मागायला आलास तेव्हा मला एक डोनट मिळाला होता. आज शेजारच्या सीटवर काय आहे ते? अख्खा डबा. फीतसुद्धा बांधलीय. अख्खा डबा घेऊन माणूस केव्हा येतो? हॉलिस गेला तेव्हा घरात ठेवायला जागा नव्हती इतके डबे आले होते. आणि चांगली बातमी असती तर पुलापाशी कशाला थांबला असतास? चांगली बातमी सांगायला माणूस धावत येतो, रस्ता वितळेपर्यंत बसत नाही. आज सभेत रस्त्यांच्या खर्चाचं बोलणं आहे एवढं मला कळलं होतं. कुठल्या रस्त्यांच्या ते कुणी बोललं नव्हतं.

टॅनरी रोड सोडून देताय.

मान नुसती हलवू नकोस, एमरी. हो की नाही? खडी नाही, हिवाळ्यात बर्फ काढायला गाडी नाही, पुलापासून वर ज्याचं त्याने बघावं. वर आहे तरी कोण म्हणा—मी, ड्वाइट, त्याच्या गाई, आणि तुझं पिवळं घर, रिकामं.

हो ना?

हं.

नाही, ठीक आहे मी. जरा धर बघू ही साखळी. ट्रॅक्टरला टेकते.

तू आलास हे बरं केलंस. गावच्या मंडळातले बाकीचे मेंबर आले असते का? नसते आले. त्यांनी सभेतच सांगितलं असतं आणि मी हातात सभेच्या जेवणाचं घेवड्याचं भांडं घेऊन मागे उभी असते. तू निदान पुलापर्यंत वेळेवर आलास. मग घाबरलास, ते वेगळं. "मिसेस कोल्बी, मी"—नको. इथे नको सांगू. तू मंडळात विरोध केलास की त्यांच्याबरोबर हात वर केलास, ते मला इथे काच खाली करून नकोय. इथे कोण ऐकतंय? कोंबड्या?

ऐक आता. घेवडा रात्रभर ओव्हनमध्ये होता, मेपलचं सिरप घालून, सभेच्या जेवणाला मी दरवर्षी नेते तसाच यंदाही नेणार. भांडं मांडीवर घेऊन मी गाडीत तुझ्या शेजारी बसणार, तेव्हा ते डोनट मागे टाक. सभेत कुणालाही उठून बोलता येतं, ते तर अजून कुणी बंद केलं नाही ना? मी उठणार. आणि मार्लीनला जे सांगितलं तेच सांगणार, जसंच्या तसं. खडी पडली. मोरी बसली. अँब्युलन्स दारापर्यंत येते. आपल्या एमरीने केलं सगळं, टाळ्या वाजवा. सगळा हॉल तुझ्याकडे बघेल. मग तू उठायचंस, आणि यातलं खरं काय आणि खोटं काय, ते तू सांगायचंस. आणि खोटं आहे ते खरं करायचं की नाही, ते लोकांना विचारायचंस. रस्ता सोडायचाच असेल तर माझ्या तोंडाकडे बघून हात वर करू देत त्यांना. केलेच वर, तर मी मार्लीनला खरं सांगीन. हिरवी खोली चांगली आहे, म्हटलं ना मी.

मी पहिल्या रांगेत बसणार आहे. चेहरा कसाही कर. मी कान बघणार.

आणि गाडी धुवायची नाही! हॉलच्या दारासमोर लावायची, अशीच, काचेपर्यंत माखलेली, म्हणजे आत येणारा प्रत्येक जण विचारेल. सभा आटोपली की अंधार पडेस्तोवर थांबायचं, रस्ता पुन्हा गोठला की मला वर आणून सोडायचं, आणि पुलापाशी थांबायचं नाही.

बांधली साखळी. चल, न्यूट्रलमध्ये टाक. चाक सरळ धर. सरळ, एमरी! काय? काय म्हणतोयस?

तिथे सांग. काच वर कर आता, चिखल उडेल.