तातू गुरवाची स्वच्छ राई

मंडळी, देवाच्या दारात घाण कशाला म्हणायचं? लगेच उत्तर देऊ नका. लगेच येतं ते आपलं नसतं, शेजाऱ्याकडून ऐकलेलं उत्तर असतं! आधी तातू गुरवाची गोष्ट ऐका.

हा तातू घाटाखालच्या एका गावात सातेरी देवीचा पुजारी. देवीची राई इतकी दाट की भर दुपारी आत कंदील लावावासा वाटेल. देवीला हार राईतल्या बकुळीचाच, बाहेरचं फूल चालायचं नाही. आता अडचण बघा — राईत बकुळ उरली एकच. म्हातारी, खोडातून पोकळ. ती पडली की देवीचा गळा रिकामा, तोही तातूच्या हयातीत! हाच त्याला धसका.

बरं, माणूस आळशी होता का? छे! रोज सकाळी खराटा घेऊन हजर. उदमांजर बकुळीची फळं खाई आणि देवीच्या पायरीपाशी घाण करून जाई. तातू ती सुपात भरून राईबाहेर फेकी. शेणकिडा दिसला की तोही खराट्याखाली. मग पडलेली फळं वेचून वाफ्यात पुरायची, वर देवीचं तीर्थ शिंपायचं. पाच वर्षं! उगवलं काय? बुरशी.

बायको आनंदी म्हणाली, "त्या किड्याक कित्याक मारतास?"

"तुका देवाधर्मातला काय कळता?" झालं. विषय संपला. (हसू नका, घरोघरी असाच संपतो.)

एका ज्येष्ठात तातूला हिवतापानं धरलं. तीन महिने अंथरूण. बायकोला बजावलं, "राई झाडूक विसरू नको." भाद्रपदात काठी टेकत गेला, तर पाला घोट्याएवढा!

"तू झाडलंस नाय?"

"नाय. बसान बघीत रवलंय."

तिनं त्याचा हात धरला, पायरीपलीकडे नेलं आणि पाला बाजूला सारला. खाली बकुळीची रोपं. कोवळी, चारदोन पानांची — एक नाही, सात!

झालं होतं काय? फळाचा गर उदमांजरानं खाल्ला, बी पोटातून बाहेर आलं. उरलासुरला गर मुंग्यांनी नेला. शेणकिड्यानं घाणीचा गोळा केला, ढकलत नेला आणि बियांसकट बोटभर खोल पुरला. उंदराला सापडलं नाही, की कुजलं नाही. तातूनं पुरलेली फळं गरासकट, म्हणून कुजत होती. कुणी सेवा म्हणून केलं का हे? नाही हो. मांजराला भूक होती, किड्याला पिलांच्या अन्नाची काळजी होती. पण देवीचा हार त्यांनीच राखला.

तातू रोपांपाशी बसला. "आये, तुझ्याच माळ्यांका मी मारीत होतंय," म्हणाला, आणि रडला. बायकोकडे मात्र त्याला बघवेना.

आता वळतो तुमच्याकडे. हा मंडप आज सकाळी शेणानं सारवलाय. बसायला गार लागतंय ना? कुणी सारवला? नावं सांगा.

माना खाली घालू नका, मागं वळा. सारवणाऱ्या बाया तिथं बसल्यात, खांबाआड. त्यांना मी दिसत नाही आणि देवही दिसत नाही. पुढं बसलो आपण, आयते आलेले. रागावू नका, माझा पाटही त्यांनीच मांडला आणि मीही नाव विचारलं नाही. लाज वाटते मला.

उठा. पुढच्या चार रांगा मोकळ्या करा. त्या येऊन बसल्याशिवाय मी आरतीला हात लावणार नाही.