फोटो परत आला नाही

सलोनी : नीट बघ ना आत्या, तूच आहेस! मागे तो तलाव, ते हंस, आणि हातात लाल फोनचा रिसीव्हर.

श्यामला : हंस नाहीत गं, बदकंच आहेत. पडदा रंगवणाऱ्याच्या हातून माना जरा लांब झाल्या. पण माझा फोटो तुझ्या मोबाइलमध्ये आला कुठून?

सलोनी : हे एक पेज आहे. जगभरातल्या भारी डिझाइनच्या, आर्टच्या गोष्टी शोधून टाकतात. खराडीला आमच्या ऑफिसात सगळे फॉलो करतात. कोणी फ्रेंच बाई पुण्यात आली होती, तिने जुन्या बाजारातून असे पडद्यापुढचे स्टुडिओ-फोटो गोळा केले. बाबा, लोक वेडे झालेत आत्याच्या त्या फोनवर!

श्रीधर : वेडे व्हायला आजकाल काही लागत नाही. आपल्याच रद्दीतून गेला असेल.

श्यामला : आपल्याकडे नव्हताच तो, दादा. हा एकच होता. नारायण पेठेत दिला होता.

सलोनी : कुणाला?

श्यामला : यज्ञेश्वर म्हणून एक स्थळ होतं. मला बघून गेले, पत्रिका जुळली, फोटो ठेवून घेतला. पसंत नसेल तर फोटो परत पाठवायची रीत होती. माझा आलाच नाही.

सलोनी : म्हणजे घोस्ट केलं तुला!

श्यामला : आम्ही त्याला ‘अजून विचार चालू असेल’ म्हणायचो.

सलोनी : मग जाऊन विचारायचं ना, बाबा!

श्रीधर : मुलीकडच्यांनी किती उंबरठे झिजवायचे? एकदा निरोप धाडला होता. मुलगा कामात आहे म्हणाले. दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर बंद पडणार, म्हणून ते दुरुस्त करायला तेव्हा ही सगळी पोरं अमेरिकेला पळत होती. तोही गेला. मी म्हटलं, गरज असेल तर येतील.

श्यामला : ‘आपण काय पायघड्या घालायच्या?’ असं म्हणाला होतास.

श्रीधर : म्हणालो होतो. पण पुढच्या वर्षी लोणी काळभोरचा प्राध्यापक आणला की नाही? सोन्यासारखा माणूस. तर ही म्हणे, आधी तिकडून नकार येऊ दे.

श्यामला : एक फोटो एका घरात असताना दुसरा दुसऱ्या घरात कसा द्यायचा? आणि मला आवडला होता तो. पोहे खाऊन झाल्यावर बशी स्वतः आत आणून ठेवली होती त्याने. आपल्या घरात कुठल्या पुरुषाने ठेवली होती कधी?

सलोनी : आता कुठे असतात ते?

श्रीधर : आईसाठी परत आला होता म्हणे. एकटाच राहायचा. गेला दोन वर्षांपूर्वी, पेपरात वाचलं मी. नंतर जागा बिल्डरने घेतली, सामान भंगारवाल्याने टेम्पोत घालून नेलं. श्यामू, तुला सांगायचं राहूनच गेलं.

श्यामला : मीही वाचलं होतं.

सलोनी : आत्या... खाली कमेंटमध्ये सगळे फोटोवरच्या त्या घडीबद्दल लिहितायत.

श्यामला : कसली घडी? मी पुठ्ठा घालून दिला होता फोटो.

सलोनी : ही बघ, मधोमध. रंग उडून कागद पांढरा पडलाय. एकाने लिहिलंय, कुणीतरी वर्षानुवर्षं खिशातल्या पाकिटात ठेवला असणार. काढायचा, बघायचा, परत ठेवायचा.

(श्रीधर चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहतो.)

श्रीधर : जायला हवं होतं मी. सायकलवर टांग टाकली असती तर पोहोचलो असतो.

श्यामला : हो दादा. जायला हवं होतंस.

श्रीधर : मला वाटलं, तू म्हणशील, जाऊ दे.

श्यामला : इतकी वर्षं तेच म्हटलं. आज नाही म्हणवत.

सलोनी : ए, ऐका ना. त्यांनी लिहिलंय, यातला कुणाचा फोटो असेल तर कळवा, मूळ फोटो पोस्टाने घरी पाठवू. मी लगेच मेल टाकते. तुझा आहे तो, तुझ्याकडेच हवा.

श्यामला : नको.

सलोनी : अगं, का पण?

श्यामला : राहू दे तिकडेच. परत आला की नकार असतो.